स्वतःच्या रानात तंबूंसाठी जागा भाड्याने द्यायची आहे, सुरुवात कुठून करावी?

नवा_गडी

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

आमचा वडिलोपार्जित चार एकरांचा तुकडा आहे. वरचा सपाट भाग वाट्याने कसायला दिलाय, तो तसाच राहील. खालचा भाग उताराचा आणि मुरमाड. तिथे पीक म्हणावं तसं कधीच आलं नाही, गवत तेवढं माजतं. एका अंगाला ओढा, ओढ्याच्या काठाने जुनी दांडगी झाडं, वरच्या बांधाला विहीर. डांबरी रस्त्यावरून आत यायला कच्ची वाट आहे, ती शेजाऱ्यांच्या बांधाला लागून येते. वस्ती लांब असल्यामुळे रात्री आकाश लख्ख दिसतं. शहरातले मित्र आले की झोपायचं नाव घेत नाहीत. त्यांच्यातल्याच एकाने डोक्यात भुंगा सोडला, की तंबू लावायला जागा भाड्याने दे, लोक आनंदाने पैसे मोजतील.

लोकांनी आपापले तंबू घेऊन यायचं, मी जागा, पाणी आणि शौचालय एवढंच पुरवायचं, असा बेत आहे. ओढ्याकाठच्या झाडांखाली दहा-बारा तंबू आरामात मावतील. दगड मांडून, खुणा करून आखणी करायची माझी इच्छा नाही. ज्याला जिथे आवडेल तिथे त्याने तंबू ठोकावा. मोकळीक हाच तर आपला माल.

अडतंय ते इथे: शौचालयं किती आणि कसली? शेकोटीला परवानगी द्यावी का? कुणी पडलं-झडलं तर जबाबदारी कुणाची? आणि नोकरीमुळे मी फक्त शनिवार-रविवारी तिथे असतो, एवढ्यावर हे जमण्यासारखं आहे का? घरून हिरवा कंदील अजून मिळालेला नाही, "आधी कुणाला तरी विचार" असा हुकूम आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

उडाणटप्पू

जबरी कल्पना! एवढा विचार कशाला करताय, ड्रोनने चार फोटो काढा, हिपकॅम्पसारख्या, तंबूच्या जागा भाड्याने देणाऱ्या साइटवर टाका आणि व्हा सुरू. झाडांना दिव्यांच्या माळा सोडा, दोन झुले बांधा, फोटोत एकदम भारी दिसतं. पहिल्या महिन्यातच गर्दी आवरणार नाही. आणि आम्हा धागाकरांना सवलत द्यायला विसरू नका.

बांधावरची

माळा-बिळा नंतर. आधी शौचालय कुठे बांधणार ते सांगा.

मी आमच्या रानात तंबूंना जागा देते. सुरुवातीला सासूबाईंचा कडाडून विरोध होता. आता येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही त्याच लिहितात आणि मला हात लावू देत नाहीत. तेव्हा हिरव्या कंदिलाची फार काळजी करू नका दादा.

तुमचं एकच वाक्य मला खटकलं, पण बाकीचे सगळे प्रश्न त्याच्याच पोटात आहेत. "ज्याला जिथे आवडेल तिथे तंबू ठोकावा." असं केलंत तर थोड्याच दिवसांत त्या उतारावर गवत शोधावं लागेल. हे मी मनाचं सांगत नाही. मुक्कामांमुळे जमिनीचं काय होतं ह्याचा अभ्यास अमेरिकेच्या वनसेवेतल्या डेव्हिड कोल ह्यांनी वर्षानुवर्षं केला. त्यात दिसलेलं असं, की बहुतेक नुकसान पहिल्या थोड्याच मुक्कामांत होऊन जातं. पुढे त्याच जागेवर कितीही लोक राहिले तरी त्यात फारशी भर पडत नाही. म्हणजे तंबू दर वेळी नव्या जागी गेला तर दर वेळी नवी जागा मरते. ठरलेल्या चारच जागा दिल्यात तर चारच मरतात आणि बाकीचं रान वाचतं. शिवाय तुडवून बसलेली माती पुन्हा भुसभुशीत व्हायला जो काळ लागतो तो बसायला लागलेल्या काळाच्या कितीतरी पट असतो.

ही अक्कल तशी जुनीच आहे. 1920 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या रेडवुडच्या जंगलांत मोटारी घेऊन लोक मुक्कामाला यायला लागले आणि थेट बुंध्यांपर्यंत गाड्या घालायला लागले. तिथे एमिलिओ माइनेके नावाच्या वनस्पतिरोगतज्ज्ञांनी पाहिलं, की चाकांनी आणि पायांनी माती दाबली जाऊन मुळं गुदमरतायत आणि एवढाली झाडं खंगतायत. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा अजून जगभर चालतो: वळसा घालून परत येणारी एकेरी वाट, तिला तिरपे फाटे, एका फाट्यावर एक गाडी, तिच्याशेजारी तंबूची एक जागा, आणि गाडी पुढे सरकू नये म्हणून मोठाले दगड. चूल आणि टेबल जमिनीत पक्कं रोवलेलं. टेबल हलवता येत नाही म्हटलं की माणसं आपसूक त्याच्याच भोवती वावरतात. "इथे चालू नका" अशी पाटी लावण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. आमच्याकडे अशी पाटी एकही नाही.

आता मोकळिकीबद्दल. गाडीतून उतरलेला माणूस काय करतो ते एकदा बांधावर बसून बघा. आधी कमरेवर हात ठेवून चौफेर नजर टाकतो. मग सावलीकडे चालू लागतो. सावलीत पोचला की पायाने जमीन चाचपतो, दोन खडे बाजूला उडवतो, आणि मग मागे वळून बघतो, इथून दुसरा कुणी दिसतोय का. सावली, सपाटी आणि आडोसा. एवढं तुम्ही आधीच तयार करून ठेवलंत तर तो तिथेच जातो आणि जागा आपणच शोधली अशा समजुतीत खूश राहतो. मोकळीक राहिली आणि गवतही राहिलं.

तुमच्या रानात मात्र हे तिन्ही आज एकाच ठिकाणी आहे, ओढ्याकाठी. आणि तीच जागा सगळ्यात वाईट. काठावरची झुडपं नीट बघा. फांद्यांच्या बेचक्यांत वाळलेला काडीकचरा, गवताचे पुंजके, प्लास्टिकच्या चिंध्या अडकलेल्या दिसतील. त्या किती उंचीवर आहेत ते टेपने मोजा, पाणी तिथवर येऊन गेलेलं आहे. वरच्या अंगाला पाऊस झाला की आपल्याकडे थेंब नसतानाही ओढा चढतो, आणि तो चढतो तेव्हा बहुधा लोक झोपलेले असतात. दुसरं म्हणजे ती दांडगी झाडं. जुन्या झाडाखाली तंबू लावू देण्याआधी झाडांतलं कळणाऱ्या माणसाला वर चढवून वाळकी, चिरलेली, अडकून राहिलेली फांदी काढून घ्यायची. ऑस्ट्रेलियात नदीकाठच्या रेड गम निलगिरीखाली मुक्काम करू नका असं मुद्दाम बजावतात, कारण वाऱ्याची झुळूकही नसताना तिची भलीमोठी फांदी खाली येते. तिसरं, थंड हवा जड असते, उतारावरून घरंगळत खाली जाऊन ओढ्यात साचते. पहाटे तिथले तंबू आतून ओलेचिंब असतात. त्यामुळे तंबू उताराच्या मधल्या टप्प्यावर घ्या. मुरूम आहे हे तर तुमचं नशीब, पाणी धरून ठेवत नाही. साधारण पाच मीटर लांब-रुंद ओटा करा, त्याला शंभराला एक-दोन एवढाच ढाळ ठेवा, आणि वरच्या अंगाने पाणी वळवायला एक उथळ चर काढा, म्हणजे लोक तंबूभोवती स्वतः चर खणत बसणार नाहीत. दोन तंबूंत सहा मीटर तरी अंतर हवं. ब्रिटनमध्ये तंबूंच्या तळांसाठी हाच आकडा धरतात, तो आगीसाठी. तंबू पेटला तर मिनिटाच्या आत खलास होतो, शेजारच्याला उठायलाही वेळ मिळत नाही.

शौचालय. आपत्तीनंतरच्या छावण्यांसाठी जो स्फिअरचा मापदंड वापरतात त्यात वीस माणसांमागे एक शौचालय आणि राहत्या जागेपासून पन्नास मीटरच्या आत, असं आहे. म्हणजे सगळं गमावलेल्या माणसाला किमान एवढं तरी मिळावं ह्यासाठीचं ते माप. पैसे देऊन आलेल्याला त्याहून बरं द्यायला नको? पण पन्नास मीटरचा आकडा मात्र तंतोतंत पाळा. रात्री दोन वाजता कुणीही त्यापलीकडे चालत नाही, झुडपामागे जातं. शोषखड्डा विहिरीपासून आणि ओढ्यापासून किमान तीस मीटर लांब, आणि त्याचा तळ भूजलाच्या पातळीपेक्षा किमान दीड मीटर वर. तुमची विहीर वरच्या बांधाला आहे हे उत्तम, खड्डा तिच्या वर येता कामा नये. खडक लवकर लागत असेल तर खड्ड्याच्या फंदात न पडता कोरडं, भुसा टाकायचं शौचालय करा. नीट चालवलं तर वास येत नाही, पण भुशाचं पिंप कायम भरलेलं हवं आणि पिंपावर डबडं हवं. डबडं हरवलं की लोक भुसा टाकत नाहीत, हाताने तर नाहीच नाही. आतून लागणारी कडी, कपडे अडकवायला खुंटी, हात धुवायला पाणी. पुढच्या वेळी माणूस येणार की नाही हे आकाशापेक्षा ह्या खुंटीवर जास्त ठरतं.

विहिरीचं पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या. शंभर मिलिलिटरमध्ये ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, शून्यच हवेत, थोडे चालतात असं नसतं. क्लोरीन टाकत असाल तर अर्ध्या तासाने लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम शिल्लक राहायला हवं. तपासायची पट्टी आणून ठेवा. भांडी धुवायला एकच ठरलेली जागा, तिचं पाणी मुरवायला खड्डा, नाहीतर सगळे घासणी-साबण घेऊन ओढ्यावर.

शेकोटी द्या, पण पक्क्या दगडी कड्यातच, आणि लाकूड तुम्हीच पुरवा. लाकूड दिलं नाहीत तर तुमच्या झाडांच्या फांद्या मोडतील. शेजारी पाण्याची बादली. विझवताना पाणी ओतायचं, राख ढवळायची, पुन्हा ओतायचं, आणि हाताची मागची बाजू जवळ नेऊन धग लागत नाही ना बघायचं. वारं सुटलं असेल किंवा रान वाळलं असेल तेव्हा सरळ बंद. आणि विझत आलेली शेगडी ऊब म्हणून तंबूत न्यायची नाही, हे मात्र मी प्रत्येकाला तोंडी सांगते, कागदावर ठेवून भागत नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड येत राहतो, त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला वाटतं प्रवासाचा शीण आहे, आणि तो झोपतो.

दहा-बारा नको. तीन जागा करा.

नवा_गडी

ताई, दंडवत! ओढ्याकाठची झुडपं ह्या रविवारी मोजून आलो. कचरा माझ्या छातीच्या वर अडकलेला आहे. लहानपणापासून बघतोय, पण कधी डोक्यातच आलं नाही की त्याचा अर्थ काय. ओढ्याचा विषय संपला.

तीन जागांचं मात्र जड जातंय. शौचालय, ओटे, पाणी तपासणी हा सगळा खर्च तीन तंबूंवर कसा निघेल? माणशी भाडं लावावं का? आणि त्या कायदेशीर बाजूबद्दल अजून कुणी बोललं नाही.

कलम_दोन

वकिली चष्म्यातून थोडंसं. मी तुमच्या इथला वकील नाही आणि हा सल्ला नाही, कुठे बोट ठेवायचं तेवढं दाखवतो.

मित्र मुक्कामाला आला आणि पाय मुरगळला, तर कायदा त्याच्याकडे एका नजरेने बघतो. त्याच्याकडून भाडं घेतलंत की नजर बदलते. अमेरिकेचं उदाहरण बोलकं आहे. तिथे सगळ्या राज्यांत असे कायदे आहेत, की जमीनमालकाने लोकांना फुकट फिरायला-खेळायला रान मोकळं ठेवलं तर अपघाताच्या दाव्यांपासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. पण फी घेतली की बहुतेक ठिकाणी ते संरक्षण जातं. तत्त्व म्हणून हे कुठेही ध्यानात ठेवा: पैसे घेतले की सुरक्षिततेची अपेक्षा वाढते. घराचा किंवा शेतीचा विमा असेल तर तो पैसे देणाऱ्या पाहुण्याला सहसा धरत नाही. विमा कंपनीकडून लेखी घ्या. फोनवरच्या "हो हो चालेल"ला कागद म्हणत नाहीत. "आम्ही जबाबदार नाही" असा फॉर्म सह्या करून घेतात लोक, घ्यावा, पण वाळकी फांदी माहीत असून काढली नाही तर तो फॉर्म तुम्हाला वाचवेल ह्या भरवशावर राहू नका.

जमिनीच्या वापराचे नियम देशोदेशी वेगळे. इंग्लंडमध्ये तात्पुरत्या वापरासाठी एरवी वर्षाला 28 दिवसांची सूट आहे, आणि 2023 पासून तंबूंच्या तळांना परवानगीच्या अर्जाशिवाय 60 दिवसांपर्यंत, कमाल पन्नास जागा, अशी वेगळी मुभा दिली. स्वीडनमध्ये उलट टोक: दुसऱ्याच्या रानात घरापासून लांब एखादी रात्र तंबू लावायला कुणाला विचारावंच लागत नाही, तो सार्वजनिक हक्क आहे. तुमच्याकडे काय ते स्थानिक कचेरीत विचारा, आणि विचारताना "शेती" आणि "व्यवसाय" ह्या दोन्ही बाजूंनी विचारा. आधी ओटे बांधून मग विचारायला गेलात तर उत्तर वेगळं येतं, असा अनुभव आहे.

तुमच्या पोस्टमध्ये मला सगळ्यात धोक्याची वाटली ती कच्ची वाट. ती कुणाच्या मालकीची? शेतात जा-ये करण्यापुरता वहिवाटीचा हक्क असेल, तर त्यावरून दर शनिवारी अनोळखी गाड्या नेणं त्या हक्कात बसेलच असं नाही. शेजाऱ्याने आक्षेप घेतला तर सगळा डोलारा वाटेवरच थांबतो. आधी त्यांच्याकडे जाऊन बसा.

भटक्या_तंबूवाला

गिऱ्हाईकाच्या बाजूने दोन शब्द. बायको-मुलं, तंबू आणि जुनी गाडी घेऊन मी अशाच खाजगी तळांवर हिंडत असतो.

बांधावरचींच्या खुंटीला +१. खरंच सांगतो, तळाच्या फोटोंत मला आकाश नको असतं, शौचालयाचा फोटो हवा असतो. तो नसला तर मी तर्क करतो, आणि तर्क कधी मालकाच्या बाजूने जात नाही. दुसरा फोटो हवा जमिनीचा, सरळ उभं राहून खाली काढलेला. तुमचा मुरूम आहे ना, मग जाहिरातीत स्पष्ट लिहा की साध्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या वाकतील, जाड लोखंडी खुंट्या आणि हातोडा आणा. किंवा ओट्याच्या चारी कोपऱ्यांना पक्क्या कड्या बसवा. अंधारात, वाऱ्यात, खुंटी जमिनीत जात नाहीये आणि पोरगं रडतंय, ह्यासारखा वैताग नाही. आणि "वाट कच्ची आहे" एवढं लिहून भागत नाही. पाऊस पडल्यावर बुटकी गाडी येते की नाही, ते लिहा. अंधार पडायच्या आत या असं ठणकावून सांगा. मोबाइलला रेंज कुठे मिळते ते सांगा, आणि मिळत नसेल तर तेही.

विजांचं कुणी बोललं नाही. तंबू विजेपासून अजिबात वाचवत नाही. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर पक्क्या छताच्या गाडीत किंवा घरात जाऊन बसायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. एका तळावर शौचालयाच्या दाराच्या आतल्या बाजूला हे मोठ्या अक्षरांत चिकटवलं होतं. ती जागा निवडणाऱ्याला सलाम, तिथे प्रत्येक जण वाचतोच.

अवांतर: अमेरिकेतली केओए ही तळांची प्रचंड साखळी अशीच एका माणसाच्या जमिनीवरून सुरू झाली. 1962 मध्ये मोंटानातल्या बिलिंग्जला डेव्ह ड्रम ह्यांनी पाहिलं, की सिअ‍ॅटलच्या जागतिक प्रदर्शनाला निघालेले लोक मुक्कामाला जागा शोधतायत. यलोस्टोन नदीकाठच्या आपल्या जमिनीवर त्यांनी तंबूंना जागा दिली. प्रत्येक जागेवर टेबल आणि शेकोटीचं कडं, आणि सोबत शौचालयं आणि गरम पाण्याची न्हाणी. दिव्यांच्या माळांचा उल्लेख मला कुठे सापडला नाही, उडाणटप्पू.

उडाणटप्पू

हलके घेतोय, हलके घेतोय. माळा मागे.

शेजारचा_माळ

मी ह्या धंद्यात नाही. मी त्या धंद्याच्या शेजारी आहे, म्हणून लिहितो.

आमच्या बांधापलीकडे एकाने तंबूंना जागा द्यायला सुरुवात केली. माणूस वाईट नाही. पण आम्हाला कळलं ते पहिल्या रात्री स्पीकर सुरू झाल्यावर. उघड्या रानात आवाज किती लांब जातो ह्याचा शहरातल्या माणसाला अंदाज नसतो. बंदिस्त घरातलं "हळू" आणि रानातलं "हळू" ह्यांत फार फरक आहे. मग वाटेची धूळ वाळत घातलेल्या कपड्यांवर. मग कुणाचा तरी कुत्रा आमच्या कोंबड्यांमागे. मग फाटक उघडं टाकून गेलेला कुणीतरी आणि गुरं रस्त्यावर. प्रखर पांढरा दिवा रात्रभर आमच्या खिडकीत. एकेक गोष्ट बारीक आहे, पण दर आठवड्याला नवी माणसं, म्हणजे दर आठवड्याला पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी त्याने आमच्या घरी येऊन विचारलं, की तुम्हाला काय हवंय. आम्हाला हवं होतं ते एवढंच: रात्री दहानंतर आवाज नाही, स्पीकर तर केव्हाच नाही, फाटकाला आपोआप बंद होणारी स्प्रिंग, आणि काही झालं तर रात्री फोन उचलेल असा एक नंबर. नंबर चालतो. तेव्हापासून भांडण नाही. दादा, तुम्ही फक्त हे सुरू व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही.

बांधावरची

शेजारच्या माळाशी शंभर टक्के सहमत. आणि "रात्री फोन उचलणारा" हाच तुमच्या शनिवार-रविवारच्या प्रश्नाचा जीव आहे. तुम्ही नसताना तळ उघडा ठेवायचा असेल तर जवळपास राहणारं, पगार घेणारं आणि तोंडावर "नाही" म्हणू शकणारं माणूस हवं. तसं नसेल तर फक्त शनिवारची रात्र द्या आणि तुम्ही स्वतः तिथे झोपा. कॅमेरे लावून, कुलपाचा आकडा मेसेज करून लांबून तळ चालवणारे आहेत. पण वारं सुटल्यावर लांबून शेकोटी विझवता येत नाही.

भाडं माणशी लावू नका. माणशी लावलं की लोक आकडा चोरतात, चार सांगून सात येतात, आणि मग तुम्ही मोजणी करत फिरता. जागेला भाडं लावा आणि एका जागेवर जास्तीत जास्त किती माणसं आणि किती गाड्या, ते आधीच ठरवा. तिन्ही जागा एकाच टोळीने घेतल्या तर मात्र सावध. तीन वेगवेगळी कुटुंबं एकमेकांना आपसूक धाकात ठेवतात. एकच मोठा गट आला की रान त्याचं होतं, त्याला थोपवायला कुणी नसतं. आम्ही अशा गटांकडून अनामत घेतो, आणि ती परत देताना सासूबाई आधी शौचालय बघून येतात.

खर्च तीन जागांवर निघेल का, ह्याचं उत्तर तुमच्या रानावर आहे, माझ्याकडे नाही. पण हिशोब असा मांडा: शौचालय आणि पाणी एकदाच करायचं असतं, पुढच्या प्रत्येक जागेला फक्त ओटा, कडं आणि टेबल लागतं. म्हणून पहिल्या तीन जागा महाग पडतात, चौथी-पाचवी स्वस्त. शोषखड्डा मात्र पहिल्याच दिवशी सहा-सात जागांच्या हिशोबाने खणा, तो नंतर वाढवणं त्रासाचं आहे. एक हंगाम तीन जागांवर काढा. गवत कुठे टिकलं, लोक कुठून आडवाटेने शौचालयाकडे गेले, पाणी कुठून वाहिलं, हे सगळं रानच दाखवतं. लोकांनी पाडलेली आडवाट बहुधा तुमच्या आखलेल्या वाटेपेक्षा शहाणी असते, तीच पक्की करा आणि तुमची बंद करा. चौथा ओटा त्यानंतर.

दिव्यांचं राहिलं. आकाश विकायचं असेल तर पांढरे दिवे नकोतच. पिवळसर, 3000 केल्विनपेक्षा खालचे, वरून झाकलेले, गुडघ्याएवढ्या उंचीवर, आणि फक्त शौचालयाच्या वाटेवर. किडेही कमी येतात.

नवा_गडी

सगळ्यांचे मनापासून आभार. शेजाऱ्यांकडे जाऊन आलो. वाट दोघांच्या सामाईक मालकीची निघाली, त्यांची हरकत नाही, पण त्यांना स्प्रिंगचं फाटक हवंय आणि वाटेवर मुरूम टाकायचा अर्धा खर्च माझा. मान्य केलं. विम्यासाठी पत्र पाठवलंय. पाण्याचा नमुना द्यायचाय.

ताई, एक शेवटचं. ओटे ज्या मधल्या टप्प्यावर घ्यायचे म्हणता तिथे सावली अजिबात नाही. झाडं आत्ता लावली तरी वर यायला वर्षं लागतील. तोवर काय?

बांधावरची

झाडं आत्ताच लावा, पण ओट्याच्या दुपारच्या उन्हाकडच्या बाजूला आणि सहा-सात मीटर लांब, म्हणजे मोठी झाल्यावर फांदी तंबूवर येणार नाही. तोवर प्रत्येक ओट्याशेजारी चार खांब रोवा आणि वर शेतीतली हिरवी जाळी ताणा. तंबू जाळीखाली नको, टेबल जाळीखाली. दिवसा माणसं टेबलाशी असतात, तंबूत नाही. खांब मुरमात किमान दोन फूट खोल आणि जाळी एका बाजूने सुटेल अशी बांधा. वादळाचा अंदाज दिसला की आधी ती उतरवायची.